गावाकडच्या हॉटेलात, तिथलाच माल वापरणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताय? मग हे वाचा

शहरापासून लांब, शेतांच्या मधे असलेलं एखादं हॉटेल, भाजी मागच्या वाफ्यातली, दूध शेजारच्या गोठ्यातलं, मासे जवळच्या बंदरातले, अशा ठिकाणी एक-दोन रात्री राहून तिथेच जेवायचं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगते, तिथे आपली नेहमीची आवडती डिश शोधत बसू नका, किचनमध्ये आज जे चांगलं आलंय तेच खा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

बुकिंगपासून सुरुवात करू. रूम बुक झाली म्हणजे टेबलही मिळालं असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी दोन्हीचं बुकिंग वेगळं असतं, शिवाय अशी किचनं लवकर बंद होतात आणि एक-दोन दिवस सुट्टीही असते, त्यामुळे शेवटची ऑर्डर कितीला घेता हे फोनवरच विचारून घ्या, नाहीतर उशिरा पोचलात की आसपास दुसरं काहीच उघडं नसतं. ॲलर्जी, शाकाहार, काही पथ्य असेल तर दोन-तीन दिवस आधी सांगा. माल माणसं मोजून मागवलेला असतो, आयत्या वेळी सांगितलं तर डिशमधलं मांस काढून उरलेलं तेवढं समोर येतं, आधी कळलं तर शेफ तुमच्यासाठी वेगळा विचार करतो आणि तो पदार्थ बाकीच्यांपेक्षा सरस निघाला असंही होतं.

कधी जायचं हे कुठे जायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. उन्हाळ्याचा शेवट आणि सुगीचे दिवस असले की कुणालाही छान मेनू करता येतो. पण थंड देशांत, ब्रिटनसारख्या ठिकाणी, एप्रिल-मेमध्ये एक विचित्र काळ येतो, बाहेर सगळं हिरवंगार दिसतं पण साठवलेल्या भाज्या संपत आलेल्या असतात आणि नवीन पीक अजून हाताशी आलेलं नसतं. त्या दिवसांत मेनूवर लोणचं, धुरी दिलेला मासा, आंबवलेली कोबी, मागच्या वर्षीचे मुरांबे दिसले तर नाक मुरडू नका, ते खरं बोलतायत. उलट त्याच वेळी तुळस-टोमॅटोचं सॅलड ताजं आणि लोकल म्हणून पुढे आलं तर नक्की विचारा की टोमॅटो कुठला.

हे विचारायची लाज अजिबात वाटू देऊ नका. अमेरिकेत २०१६ मध्ये टॅम्पा बे टाइम्स या वर्तमानपत्राने रेस्टॉरंटांच्या अशा दाव्यांची तपासणी केली, मेनूवर ज्या शेतांची नावं होती त्यांनाच फोन लावले, तर काही ठिकाणी तिथून माल घेतलाच जात नव्हता. त्यामुळे नुसतं 'लोकल' लिहिलंय यावर जाऊ नका. मेनू छोटा आहे का, त्यावर तारीख आहे का, काल होता तो पदार्थ आज संपलाय का, हे बघा. मोसम कुठलाही असो, चाळीस पदार्थांचा तोच मेनू असेल तर मला शंका येते. आयर्लंडच्या काउंटी कॉर्कमध्ये मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये आपल्या राहत्या घरातच, बॅलिमलू हाउसमध्ये, रेस्टॉरंट सुरू केलं, तिथे शेतातून आणि बंदरावरून काय आलंय ते बघून मेनू रोज लिहिला जायचा, पुढे १९७५ मध्ये त्याला मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मानाचा दर्जाही मिळाला. या प्रकारच्या जेवणासाठी मी अजूनही हेच माप लावते.

वेटरला 'काय चांगलंय' असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं. 'आज काय आलंय' असं विचारा. समुद्र खवळलेला असेल तर होड्या जात नाहीत आणि मग मासा कालचा किंवा परवाचा असतो, चांगला वेटर हे सरळ सांगतो आणि दुसरं काहीतरी सुचवतो. त्याचं ऐका.

आता ताजेपणा नेमका कुठे कळतो, तर मटार आणि मक्यात. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते, उष्णतेत तर फार भराभर, म्हणून दुपारी तोडलेला मटार रात्री ताटात आला की त्याचा गोडवा दुकानातल्या मटाराला येतच नाही. टोमॅटोचंही तसंच, फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिला की वास जातो, तो वास तयार करणारी जनुकंच थंडीत मंदावतात असं २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं. म्हणून पहिला घास मीठ-मिरपूड न टाकता, सॉस न लावता नुसता खा. साधी उकडलेली भाजी, अंडं, लोणी आणि ब्रेड ज्या किचनला जमतं त्यांचं बाकीचंही जमतं असा माझा विश्वास आहे.

काही गोष्टी जपून. कच्च्या दुधाचं मऊ चीज गरोदर बायकांनी टाळावं, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. शिकार केलेला पक्षी असेल तर हळू चावा, मांसात छर्रा राहिलेला असू शकतो. रानातली मश्रूम्स याआधी कधी खाल्ली नसतील तर थोडीच घ्या.

आणि कॉफी, चॉकलेट, मिरी, लिंबू हे बाहेरून आलं म्हणून हॉटेलला दोष देऊ नका. सगळं पंधरा-वीस किलोमीटरच्या आतलंच हवं हा हट्ट पर्यावरणाच्या दृष्टीनेही फारसा खरा नाही, अन्नामुळे होणाऱ्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांच्या बाबतीत कमीच असतो, ते कसं पिकवलं आणि मुळात काय खाल्लं याचा वाटा मोठा, तापवलेल्या ग्रीनहाउसमधला जवळचा टोमॅटो उन्हात पिकलेल्या लांबच्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. जवळचं खायचं ते चवीसाठी आणि तिथला शेतकरी टिकावा म्हणून, एवढं पुरेसं आहे की.

जेवणाआधी उजेड असताना परवानगी घेऊन परसबाग बघून या, रात्री ताटात काय येणार याचा अंदाज येतो आणि मुलं सोबत असतील तर ती अनोळखी भाजीसुद्धा खातात. टेस्टिंग मेनू, म्हणजे एकामागोमाग येणारे बरेच छोटे पदार्थ, घेणार असाल तर दुपारचं जेवण हलकं ठेवा, तीन तास सहज जातात, घाई असेल तर त्या दिवशी घेऊच नका. सोबत वाइन किंवा तिथली सायडर (सफरचंदाची दारू) घेणार असाल तर रूम तिथेच घ्या, अंधाऱ्या गावरस्त्यावर पिऊन गाडी चालवायची नाही.

सकाळचा नाश्ता मात्र चुकवू नका, चेकआउटची घाई करून बरेच जण कॉफीवर निघतात. खरी परीक्षा तिथेच होते, कारण रात्रीच्या जेवणावर सगळेच मेहनत घेतात, पण नाश्त्याला प्लास्टिकच्या छोट्या डबीतला जॅम आला की समजायचं. घरचा जॅम, जवळचा मध, पिवळ्याजर्द बलकाची अंडी असतील तर कुणाकडून घेता ते विचारा, बरेचदा तो शेतकरी जाताजाता रस्त्यातच लागतो आणि त्याच्याकडून थेट घेता येतं.