लांबलेल्या शस्त्रक्रियेत मूल गार पडते तेव्हा: या चुका टाळा

तिसऱ्या तासाला मॉनिटरवर ३५.२ अंश सेल्सिअस दिसले की थिएटरमध्ये धावपळ सुरू होते; पण ती ऊब मुलाने बहुधा पहिला छेद घेण्यापूर्वीच गमावलेली असते. भूल चढताच त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांकडे पसरते. त्यातून तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, डोके मोठे आणि ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी भुलेखाली जवळपास निकामी. म्हणून ‘आधी सगळ्या नळ्या लावून होऊ देत, मग गरम हवेचे ब्लँकेट सुरू करू’ ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बाळ आत येण्याआधीच खोली २४ ते २६ अंशांपर्यंत उबदार हवी, टेबल तापलेले हवे, डोक्यावर टोपी हवी आणि ज्या हाताला सुई लावायची तेवढाच हात उघडा हवा.

सगळे नीट असूनही तापमान घसरत असेल, तर निर्जंतुक चादरीखाली हात घालून मुलाची पाठ चाचपावी. जंतुनाशक द्रव कुशीवरून ओघळून पाठीखालचे कापड चिंब झालेले पुष्कळदा तिथेच हाताला लागते, आणि वरून कितीही गरम हवा सोडली तरी ते ओले कापड खालून ऊब ओढत राहते. द्रव बेताने लावावा, ओघळ तिथल्या तिथे टिपावेत, कडेला लावलेली टिपकापडे चादर अंथरण्यापूर्वी काढून घ्यावीत.

रक्ताची पिशवी फ्रिजमधून सुमारे ४ अंशांवर येते, त्यामुळे ती वॉर्मरमधूनच, म्हणजे द्रव गरम करणाऱ्या यंत्रातूनच, द्यावी. मात्र लहान बाळाचे सलाईन इतके संथ चालते की वॉर्मरनंतरची नळी लांब असल्यास द्रव वाटेतच पुन्हा गार होतो. पोट धुण्याचे पाणीही कोमट हवे. पोटाच्या शस्त्रक्रियेत गुदाशयातील तापमान मोजणारा प्रोब त्या पाण्याने फसतो, तिथे अन्ननलिकेतील प्रोब अधिक भरवशाचा.

गरम हवेची नळी ब्लँकेटला न जोडता नुसती चादरीखाली सोडणे, किंवा गरम पाण्याने भरलेले हातमोजे अंगाशी ठेवणे, हे कधीही करू नये. भुलेतले मूल अंग आखडून घेऊ शकत नाही, आणि भाजल्याचे चादर काढल्यावरच कळते.

उलट चूकही होते. मोठ्या चादरीखाली लहान मूल झपाट्याने तापते, त्यामुळे ३७ अंशांच्या पुढे उष्णता कमी करावी. ऊब देणे बंद करूनही तापमान चढत असेल आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड वाढत असेल, तर मॅलिग्नंट हायपरथर्मियाची (भुलेच्या काही औषधांमुळे शरीर धोकादायकरीत्या तापण्याची) शंका घेऊन तत्काळ मदत बोलवावी.

शेवटच्या टाक्यानंतर चादर सरकन ओढून मूल उघडे ठेवले, तर तासन्‌तास राखलेली ऊब काही मिनिटांत जाते. अंग कोरडे करून लगेच गुंडाळावे, रिकव्हरीत पोहोचताच तापमान मोजावे, आणि ते ३६ च्या खाली असल्यास ऊब देणे तिथेही चालू ठेवावे.