इंग्लंड-जर्मनीत फुटबॉल मॅच बघायला जाताय? तिकिटाच्या भावावरून माहोल कसा ओळखायचा

शिकायला नाहीतर नोकरीला लंडन, मँचेस्टर, म्युनिक, डॉर्टमुंडकडे गेलेली आपली बरीच मंडळी पहिल्याच वर्षी एक तरी मॅच बघायचीच असं ठरवतात, आणि मग सगळ्यात मोठा क्लब, सगळ्यात मोठी मॅच आणि हाताला लागेल ते तिकीट असं करून मोकळी होतात. पैसे भरपूर जातात, जागाही मस्त मधल्या रेषेसमोर मिळते, आणि नव्वद मिनिटं आजूबाजूचे लोक शांत बसून मोबाईलवर व्हिडिओ काढत असतात. टीव्हीवर ऐकलेला तो आवाज लांब गोलमागून कुठूनतरी येत राहतो. हा आवाज स्टेडियमच्या कुठल्या भागात असतो, कुठल्या मॅचला जास्त असतो, हे तिकिटांच्या दरांवरून बऱ्यापैकी आधीच कळतं. कसं ते सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो कळला की बाकीचं पटापट लक्षात येतं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले (चूक प्रेक्षकांची नव्हती, हे २०१६ मध्ये ज्युरीने स्वच्छ सांगितलं, पण तोवर २७ वर्षं त्या घरांनी खोटे आरोप सोसले होते). त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० मध्ये आला आणि इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर उभं राहण्याची जागा बंद करून सगळीकडे खुर्च्या लावायचं ठरलं. आता गंमत बघा, त्याच अहवालात असंही म्हटलेलं की खुर्च्या लावल्या म्हणून तिकीट महाग करायची गरज नाही, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण पण दिलेलं, तिथे उभं राहायला ४ पाउंड आणि बसायला ६. क्लबांनी खुर्च्यांची गोष्ट ऐकली आणि दराची सोडून दिली. १९९२ ला प्रीमियर लीग (इंग्लंडचा सगळ्यात वरचा विभाग) सुरू झाली, टीव्हीचे पैसे आले, आणि भाव वर गेले ते गेलेच.

याने माहोलाचं दोन बाजूंनी नुकसान झालं. पूर्वी पोरं दारावर पैसे देऊन आत जायची आणि मित्रांच्या घोळक्यात उभी राहायची, आता नंबरची खुर्ची, त्यामुळे दहा जणांचा ग्रुप दहा ठिकाणी. आणि दुसरं म्हणजे सतरा-अठरा वर्षांची पोरं, ज्यांच्या घशातून तो आवाज येतो, त्यांना दर आठवड्याला परवडेनासं झालं. त्यांच्या जागी कधीतरी एकदा येणारे लोक आले. त्यात वाईट काही नाही, आपणही तेच आहोत, पण ज्याला गाणी माहीत नाहीत तो गाणार कसा. मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीनने नोव्हेंबर २००० मध्ये आपल्याच प्रेक्षकांना, हे लोक प्रॉन सँडविच खात बसतात आणि मैदानावर काय चाललंय ते यांना कळत नाही, असं जे ऐकवलं होतं ते याच गोष्टीबद्दल.

तर आता दरपत्रक कसं वाचायचं. क्लबच्या साइटवर स्टेडियमचा रंगीत नकाशा असतो, प्रत्येक रंगाचा वेगळा भाव. मधल्या रेषेसमोरचे, खेळाडू जिथून बाहेर येतात त्या बाजूचे भाग सगळ्यात महाग आणि सगळ्यात शांत, तिथे हॉस्पिटॅलिटीवाले, जेवणासकट तिकीट घेतलेले, हाफटाइमनंतर दहा मिनिटांनी परत येणारे. गोलमागच्या स्टँडचा खालचा भाग बहुतेक ठिकाणी स्वस्त असतो आणि आवाज तिथेच. लिव्हरपूलचा कॉप, टॉटनहॅमचा साउथ स्टँड, क्रिस्टल पॅलेसचा होम्सडेल, सगळे गोलमागेच. नकाशावर सेफ स्टँडिंग किंवा रेल सीटिंग लिहिलेलं दिसलं तर डोळे झाकून तिथलं तिकीट घ्या, इंग्लंडमध्ये २०२२ पासून अशा भागात उभं राहून बघायला परत परवानगी मिळालीय. फॅमिली स्टँड लिहिलेलं असेल तर मुलं बरोबर असतील तरच. आणि एक कमी लोकांना माहीत असलेली युक्ती म्हणजे पाहुण्या टीमच्या चाहत्यांचा कोपरा शोधा आणि त्याच्या शेजारचा घरच्यांचा ब्लॉक बघा, कारण दोन्हीकडून एकमेकांना उत्तरं देत गाणी चालू असतात, तिथे शांत बसणं कुणालाच जमत नाही.

तरुणांसाठी वेगळा दर आहे का हेही बघा, मी तर हे सगळ्यात आधी बघतो. अठरा ते एकवीसवाल्यांना स्वस्त तिकीट देणारा क्लब म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा आवाज जपणारा क्लब. याच्या उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने सीझनच्या उरलेल्या तिकिटांना सरसकट ६६ पाउंड लावले, मुलांना आणि म्हाताऱ्यांनासुद्धा सवलत नाही, त्यावर केवढा गदारोळ झाला. झालाच पाहिजे होता.

आणि हे चाहते गप्प बसणारे नाहीत हो. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलकडे मॅच बघायला मँचेस्टर सिटीच्या लोकांना ६२ पाउंड सांगितले तर ९०० च्या वर तिकिटं तशीच परत गेली. ६ फेब्रुवारी २०१६ ला ॲनफिल्डवर, म्हणजे आपल्याच मैदानावर, लिव्हरपूल सुंदरलँडविरुद्ध २-० पुढे होतं, नव्या मेन स्टँडमध्ये ७७ पाउंडाचं तिकीट ठेवणार असं जाहीर झालेलं, म्हणून ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले, मॅच २-२ सुटली आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून ते दर मागे घेतले. अशाच दबावामुळे २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांचं तिकीट ३० पाउंडांच्या वर जात नाही, आणि आज बहुतेक इंग्लिश मैदानांवर सगळ्यात मोठा आवाज त्याच कोपऱ्यातून येतो, यावरून काय ते समजून घ्या. पण ती तिकिटं वर्षानुवर्षं टीमबरोबर फिरणाऱ्यांना पॉइंट्सवर मिळतात, त्यामुळे तुम्ही त्यांच्या मागे लागू नका, ती त्यांची हक्काची आहेत.

प्रीमियर लीगच बघायची असेल तर क्लबची मेंबरशिप सीझन सुरू व्हायच्या आधी घ्या, भारतात बसूनही घेता येते, मग बॅलटमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, नाव टाका, आणि क्लबच्या स्वतःच्या तिकीट एक्स्चेंजवर मॅचच्या आदल्या दिवसांत सारखं बघत राहा, सीझन तिकीटवाले येऊ शकत नसले की जागा तिथे टाकतात. मोठ्या डर्बीच्या (शेजारच्या दोन क्लबांमधली मॅच) नादाला लागू नका. कप मॅचेस (हरला की बाहेर अशा स्पर्धांच्या) बघा, लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या किंवा जानेवारीतली एफए कपची तिसरी फेरी, भाव कमी असतो, एरवी ज्यांना परवडत नाही ती गावातली पोरं येतात, आणि एफए कपमध्ये पाहुण्यांना लीगपेक्षा जास्त, १५ टक्क्यांपर्यंत जागा मिळतात, त्यामुळे दोन्हीकडून दणका असतो.

त्याहून चांगलं म्हणजे खालच्या लीगमध्ये जा. मँचेस्टरमध्ये २००५ साली ग्लेझर कुटुंबाने युनायटेड घेतल्यावर चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एका मेंबरला एक मत, मैदान ब्रॉडहर्स्ट पार्क, तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने किरकोळ, आणि गाणी पूर्ण वेळ. लंडनमध्ये असाल तर डल्विच हॅम्लेट हा असाच छोटा क्लब. या लेव्हलला हातात बिअर घेऊन मॅच बघता येते, वरच्या विभागांत मैदान दिसेल अशा जागी कायद्याने बंदी आहे.

आता जर्मनी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार, कारण मला विचाराल तर पहिली मॅच जर्मनीतच बघा. तिथे बहुतेक क्लबांत मतांचा बहुमताचा हिस्सा मेंबरांकडे असतो, ५०+१ नियम म्हणतात तो हाच, त्यामुळे भाव वाढवायचा तर क्लब चालवणाऱ्यांना आधी आपल्याच माणसांना तोंड द्यावं लागतं. उभं राहायचे स्टँड त्यांनी काढलेच नाहीत, तिकीट साधारण १५ ते २० युरो, आणि एका खुर्चीच्या जागेत जवळजवळ दोन माणसं. डॉर्टमुंडची पिवळी भिंत म्हणतात त्या साउथ स्टँडमध्ये जवळपास २५,००० लोक उभे असतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारची मॅच ज्याने बघितलीय त्याला गर्दी खांद्याला खांदा लावून उभी असली की काय होतं हे समजावून सांगायची गरज नाही, फक्त ते पंचवीस हजारांवर नेऊन बघा. आणि तिथलेही लोक जागे आहेत, २०१० मध्ये डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी शाल्केकडे जायचं तिकीट वीस युरोच्या वर गेलं म्हणून डर्बीवर बहिष्कार टाकला, फेब्रुवारी २०१६ मध्ये स्टुटगार्टला कप मॅचमध्ये तिकिटांच्या दरांवरूनच मैदानावर टेनिस बॉल फेकले.

अडचण एवढीच की डॉर्टमुंड, बायर्न, युनियन बर्लिन यांची उभी तिकिटं जवळपास सगळी मेंबर आणि सीझन तिकीटवाल्यांकडे असतात. क्लबच्या अधिकृत रीसेलवर लक्ष ठेवा, नाही जमलं तर दुसऱ्या विभागात जा, कायझरस्लाउटर्नचा वेस्ट स्टँड नाहीतर हर्था बर्लिन, ऑलिम्पिक स्टेडियम एवढं मोठं की तिकीट मिळतंच. तिकीट काढताना जर्मन साइटवर श्टेप्लात्स म्हणजे उभं, झित्सप्लात्स म्हणजे बसून. बऱ्याच क्लबांच्या तिकिटावर त्या दिवसाचा ट्राम-लोकलचा प्रवास फुकट असतो, वेगळं तिकीट काढू नका.

उभ्या स्टँडमध्ये गेलात की काही गोष्टी पाळाच. नंबर नसतो, म्हणून तासभर आधी पोचा. दुसऱ्या टीमचा रंग अंगावर नको, अगदी चुकून घातलेला शर्टसुद्धा नको. मध्ये खाली भोंगा घेऊन जो उभा असतो त्याच्या आसपासची जागा रोजच्या लोकांची, तुम्ही जरा कडेला राहा. लोकांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका, त्यांना अजिबात आवडत नाही. गोल झाला की अनाउन्सर खेळाडूचं पहिलं नाव म्हणतो आणि आडनाव सगळ्या स्टेडियमने ओरडायचं, तेव्हा लाजू नका. गाण्याचे शब्द आले नाहीत तरी टाळ्या आणि चाल पाच मिनिटांत जमते.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर आपलाच कुणीतरी दादा जास्त भावाने देत असेल तरीही घेऊ नका, गेटवर तिकीट रद्द निघालं तर पैसे कुणाकडे मागणार, आणि असल्या खरेदीनेच तिथल्या पोरांचं तिकीट आणखी महाग होतं. दुसरं, टीव्हीसाठी मॅचची तारीख-वेळ मागाहून बदलते, शनिवारची मॅच सोमवारी रात्रीवर जाऊ शकते, त्यामुळे तारीख पक्की झाल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांचं हॉटेल किंवा ट्रेन बुक करू नका.