मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी टॉवेलचा झोळा

पाय अचानक गेले असतील तर आधी जनावरांचा दवाखाना गाठा. मणक्याला मार असू शकतो, म्हणून कुत्र्याला उचलून कडेवर न घेता फळीवर आडवं झोपवून न्या. डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली की मग चालताना मागचा भाग तोलून धरायला झोळा.

सोलापुरात त्यासाठी महागाचा पट्टा मागवायची गरज नाही. २५ किलोपर्यंतच्या कुत्र्याला ३० बाय ६० इंचाचा जाड टर्किश टॉवेल पुरतो. लांबी तशीच ठेवून रुंदीच्या तीन घड्या घाला. दहा इंची पट्टी होते. कडा दुहेरी शिवा. गुळगुळीत कापड पोटाखालून पुढे सरकतं आणि बरगड्यांवर दाब येतो. टर्किश जागेवर राहतो. दोन्ही टोकांना नवारीच्या मुठी शिवा. तुम्ही ताठ उभे असताना मूठ सैल सोडलेल्या हातात यायला हवी. आखूड ठेवलीत तर वाकून वाकून तुमचीच कंबर धरेल.

झोळा मांड्यांच्या अगदी पुढे, पोटाखालून घ्या. नर असेल तर लघवीची जागा झाकली जाते, टॉवेल भिजतो आणि कातडी सोलवटते. तिथे चार इंची खाच कापून कड शिवून घ्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती उचलण्यात. दया येते म्हणून लोक मागचा भाग उंच धरतात. मग सगळा भार पुढच्या पायांवर येतो, मणका वाकतो, आणि पायात उरलेली थोडी ताकदही वापरली जात नाही. पाठ सरळ, पंजे जमिनीला टेकलेले, एवढंच उचला. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

पंजा उलटा वळून घासत असेल तर मोजा घाला आणि तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवा. मोज्याला रबरबँड कधीच लावू नका, रक्तपुरवठा तुटतो. शहाबादी फरशीवर नुसती चादर अंथरली तर ती कुत्र्यासकट सरकते. खाली रबरी मॅट हवी. एप्रिल-मे महिन्यांत रस्त्यावर तळहात सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर बाहेर नेऊ नका. फरफटणाऱ्या पायाला चटका कळतही नाही.

टॉवेल दोन ठेवा, रोज धुवा. चालवून आणल्यावर मांडीची आतली बाजू आणि पंजे तपासा. लाली दिसली तर ती जाईपर्यंत झोळा बंद. बारा तासांत लघवी झाली नसेल, किंवा नुसती थेंब थेंब गळत असेल, तर मूत्राशय तुंबलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.