भूकंपात टाकी राहते, पाईप तुटतो

पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं, आणि १९६७ ला जिथे मोठा धक्का बसला ते कोयनानगर इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरी भोसरीत कुणालाही विचारा, ॲसिडची टाकी हलली तर? उत्तर ठरलेलं, "एवढी जड आहे, हलतीये कुठे!" अहो, जड आहे म्हणूनच तर भीती, ५००० लिटर सल्फ्युरिक म्हणजे ९ टनांच्या वर वजन, ते एकदा डोलायला लागलं की कोण धरणार.

तर आधी बघा पाईप. टाकी थोडी सरकते, पाईप भिंतीला क्लॅम्प मारून घट्ट, मग ताण येतो थेट नोझलवर, म्हणजे पाईप टाकीला जिथे जोडतो तिथे, आणि तिथेच तडा जातो. म्हणून टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच फ्लेक्झिबल होज किंवा बेलोज (घड्यांचा लवचिक जोड) टाकायचा, व्हॉल्व्ह मात्र टाकीलाच चिकटून हवा, म्हणजे पुढे काही तुटलं तरी बंद करता येतं.

लोखंडी टाकीचे फाउंडेशन बोल्ट वर्षातून एकदा पान्याने तपासा, गंजलेला बोल्ट नुसता दिसायला असतो. प्लास्टिकच्या टाकीला भोक पाडू नका, खाली चबुतऱ्यावर अँगलची रिंग करा आणि वरून पट्टे. काठोकाठ भरू नका, आतलं द्रव हेलकावे खातं आणि झाकण उचलतं.

आता डाईक, म्हणजे गळलेलं अडवायला टाकीभोवती बांधलेली भिंत. सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के मावलं पाहिजे, म्हणजे ५००० ला ५५००. ४ बाय ३ मीटर, भिंत अर्धा मीटर, झाले ६००० लिटर, खूश? पण आत दुसरी १.८ मीटर व्यासाची टाकी उभी आहे ना, ती खाते पावणेतेराशे, उरले ४७०० च्या आसपास, हवे होते ५५००. फसलं गणित!

आणि डाईकच्या ड्रेनचा तो व्हॉल्व्ह. आमच्याकडे डिझेलच्या टाकीच्या डाईकमधलं पावसाचं पाणी काढायला उघडला आणि तसाच राहिला, सकाळी डिझेल गटारात. भूकंपबिकंप काही नव्हता, साधी गळती होती. तेव्हापासून त्याला कुलूप आणि चावी सुपरवायझरकडे. इलेक्ट्रिशियनने केबलसाठी डाईकच्या भिंतीत भोक पाडलंय का तेही वाकून बघा, आमच्यात होतं.

ॲसिड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) एका डाईकमध्ये कधीच नको, मिसळलं की क्लोरीन निघतो. धक्का बसलाच तर पंप चालू करायची घाई नको, आधी वारा जिकडून येतो त्या बाजूने लांबूनच बघा, वास येत असेल तर पुढे जायचंच नाही.