हॉटेलच्या भिंतीवरचे दाखले बघून बुकिंग करताय? या चुका टाळा

दर वर्षी ऑक्टोबर लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची सोसायटीची सहल असते, कुणाचं सगळ्या चुलत भावंडांचं एकत्र जाणं ठरलेलं असतं, कुणी नव्यानेच ज्येष्ठांच्या सहली न्यायला लागलेलं असतं. "ताई, हॉटेल सर्टिफाइड आहे, फोटो पाठवते," असं म्हणून फोटो येतो. त्यात रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेले चार-पाच कागद दिसतात. ते कागद कशाचे, कुणाच्या नावाचे, कधीपर्यंतचे, असं विचारलं की पलीकडून उत्तर येत नाही. अठरा वर्षं मी माणसं घेऊन फिरते आहे, बहुतेक साठीच्या पुढची. इतक्या वर्षांत चुका बदललेल्या नाहीत, फक्त ॲडव्हान्स आता दहा मिनिटांत मोबाइलवरून जातो, म्हणून त्या जास्त लवकर होतात.

कागद आहे म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यात आधी अन्नपरवाना. जिथे जेवण मिळतं त्या प्रत्येक ठिकाणी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापायला हवा. हा क्रमांक वाचता येतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. सुरुवातच १०० ने असेल तर परवाना केंद्राकडून घेतलेला. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न करण्याची किंमत मी मोजली आहे.

दापोली तालुक्यातली गोष्ट. आम्ही बेचाळीस जण होतो. जागा सुरेख, समोर समुद्र, मालक बोलायला गोड. भिंतीवर परवाना होता आणि मी तो लांबूनच पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता पहिली खोली वाजली, सकाळी सातपर्यंत अकरा जणांना उलट्या-जुलाब. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिघांना सलाइन लावावं लागलं. त्यांत एक एकोणऐंशी वर्षांचे काका होते, मधुमेही. त्यांच्या मुलीला पुण्याला फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता.

दुपारी मी पहिल्यांदा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. मसाला लावलेल्या सुरमईचा ट्रे फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात होता आणि त्याच्या खाली उघडी कोशिंबीर. फ्रिज रात्री बंद ठेवत असत. पिण्याचं पाणी ज्या पिंपातून भरत होते, त्याला झाकण नव्हतं. तक्रार करायची म्हणून बिल मागितलं तर त्यावर क्रमांकच नव्हता. भिंतीवरचा क्रमांक फॉसकॉसवर टाकला, तर तो दुसऱ्या गावातल्या एका बेकरीचा निघाला. मालक म्हणाले, "एकाच घरातलं आहे हो, भावाचीच बेकरी." परवाना घराण्याला मिळत नसतो, त्या जागेला मिळतो. बेकरीची भट्टी कुणी तपासली असेलही, पण आम्ही जेवलो ते स्वयंपाकघर कुणीच पाहिलं नव्हतं. ते काका बरे झाले, पण त्यानंतर आमच्यासोबत पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी क्रमांक व्हॉट्सॲपवर मागवते आणि संकेतस्थळावरचा पत्ता जागेच्या पत्त्याशी ताडून पाहते. पोचल्यावर मॅनेजरशी नंतर, आधी आचाऱ्याशी बोलते. "तुमची वैद्यकीय तपासणी कधी झाली?" अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हायला हवी, असा नियम आहे. ज्याची झालेली असते तो लगेच सांगतो, कुठल्या डॉक्टरकडे तेही सांगतो. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर आणि थंड पाच अंशांच्या खाली राहायला हवेत. थर्मामीटर नसला तरी भांड्यातून वाफ निघतेय की नाही ते दिसतंच. नाश्त्याचा उपमा कोमट झाला असेल तर माझ्या लोकांना तो वाढू देत नाही, कुणी रागावलं तरी चालेल.

असं काही घडलंच तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक आहे. तक्रार करा. "जाऊ दे, सुट्टी खराब कशाला" म्हणून गप्प बसलात, तर पुढच्या आठवड्यात तिथे दुसरी बेचाळीस माणसं जेवतात.

स्वयंघोषणेला तपासणी समजणं

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, पर्यटन मंत्रालय आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी 'साथी' नावाची व्यवस्था आणली. हॉटेलवाल्याने मार्गदर्शक सूचना वाचायच्या, आपण त्या पाळतो असं स्वतःच घोषित करायचं, प्रशिक्षण घ्यायचं. प्रत्यक्ष येऊन तपासणी करून घेणं ऐच्छिक होतं. त्याच वर्षी जागतिक पर्यटन परिषदेचा 'सेफ ट्रॅव्हल्स' शिक्का आला, तोही मुख्यतः स्वयंघोषणेवर. त्या दिवसांत या दोन्हींचा उपयोग होता, बंद पडलेल्या धंद्याला उभं राहायला आधार मिळाला. पण ती प्रमाणपत्रं आजही फ्रेममध्ये आहेत आणि लोक ती पाहून निर्धास्त होतात. साथरोगातल्या मास्क-सॅनिटायझरबद्दल मालकाने स्वतःच दिलेली ती ग्वाही होती. आजच्या गादीबद्दल, टाकीबद्दल, वायरिंगबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे, स्वच्छतेचं नाही. अन्नासाठी २२००० पाहा.

आणि तारे. बुकिंगच्या ॲपवर नावापुढे तीन तारे दिसतात, ते सरकारने दिलेले असतीलच असं नाही. पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण हॉटेलने मागितलं तरच होतं, समिती येऊन पाहते, आणि ते पाच वर्षांपुरतं असतं. शंका असेल तर मंजुरीच्या पत्राची तारीख विचारा.

गॅस गिझर

आता ज्या चुकीबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, ती. घरातले लोक म्हणतात, तू प्रत्येक सहलीच्या आधी हेच सांगतेस. सांगणारच.

महाबळेश्वरच्या वाटेवर एक बंगला घेतला होता, डिसेंबरात. पर्यटन विभागाची निवास-न्याहारीची नोंदणी होती, अन्नपरवाना बरोबर होता, जिन्यात अग्निशामक नळकांडं होतं. दापोलीनंतर मी सगळं नीट तपासलं होतं. सकाळी साडेसहाला वरच्या खोलीतल्या मावशी आंघोळीला गेल्या. त्यांच्याआधी त्याच बाथरूममध्ये दोघांच्या आंघोळी झाल्या होत्या. मी चहा घेऊन वर गेले, तेव्हा पाणी पडण्याचा आवाज येत होता. वीस मिनिटांनी पुन्हा गेले, तरी तोच आवाज. हाक मारली, ओ नाही. त्यांचे यजमान म्हणाले, "तिला वेळ लागतो." मी दाराला खांदा लावला, दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. मावशी भिंतीला टेकून खाली बसलेल्या होत्या, डोळे अर्धवट उघडे, काही कळत नव्हतं. वरच्या झरोक्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता, थंडी येऊ नये म्हणून. आणि भिंतीवर, आत, गॅसचा गिझर चालू.

आम्ही त्यांना चादरीत गुंडाळून गच्चीवर मोकळ्या हवेत आणलं, मग गाडीत घालून दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने त्यांनी नाव सांगितलं. त्या वाचल्या. आणखी दहा मिनिटं मी खाली चहा ओतत राहिले असते, तर वाचल्या नसत्या.

यात काय होतं ते समजून घ्या. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद, लहान बाथरूममध्ये तो संपत येतो आणि ज्योत अर्धवट जळू लागते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. म्हणून "गॅसचा वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक" हा हिशेब इथे लागू पडत नाही. हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि कडी काढायला हवी हे सुचेपर्यंत हात उचलत नाही. एकामागून एक आंघोळी झाल्या तर धोका वाढत जातो, कारण हवा बदलायला वेळच मिळत नाही.

बंगल्यातला कुठलाच दाखला खोटा नव्हता. अन्नपरवान्यात स्वयंपाकघर येतं, नोंदणीत खोल्या आणि सोयी येतात. न्हाणीघरात गिझर कुठे टांगलाय, हे त्यांपैकी एकाही कागदावरून मला कळलं नव्हतं.

म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न दराचा नसतो. "गिझर विजेचा की गॅसचा? गॅसचा असेल तर बाथरूमच्या आत की बाहेर?" बाहेरच्या भिंतीवर मोकळ्या हवेत असेल तरच पुढे बोलणं. आत असेल तर मी ती जागा घेत नाही, कितीही स्वस्त असो. तुम्ही अडकलातच, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, झरोका मोकळा आहे ना ते बघा आणि मगच आत जा. शॉवर नाही. वयस्कर माणसांना आतून कडी लावू देऊ नका. मी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही पिशवीत ठेवते, ऑनलाइन सहज मिळतो. आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर गोळी देत बसू नका, सगळ्यांना आधी बाहेर काढा.

आगीबद्दल काहीच न विचारणं

१२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि सतरा माणसं गेली. मार्गिकांतल्या लाकडी पॅनलिंगमुळे आग पसरत गेली. या हॉटेलकडे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला होता. हे नवीन आयोजकांना सांगितलं की ते म्हणतात, "मग दाखल्याचा उपयोग काय?" उपयोग आहे, पण तो ज्या दिवशी दिला त्या दिवसापुरता. नंतर लाकूड ठोकलं, गच्चीवर शेड घातली, जिन्यात गाद्या रचल्या, की तो कागद निकामी झाला.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. मोठ्या हॉटेलात मी तेच मागते. बरेच मॅनेजर हे नाव ऐकून गोंधळतात, आणि तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

बाकी सगळं पायांनी तपासायचं. खोली मिळाल्यावर पिशवी ठेवायच्या आधी मी जिन्यापर्यंत चालत जाते आणि मधली दारं मोजते. धुरात दिसत नाही, हाताने दारं मोजत जावं लागतं. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, दुसरा जिना खरंच उघडतो का, की तिथे बिअरचे क्रेट आहेत? अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का, पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली नाही ना? कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, त्याची चिठ्ठीच वाचा. ज्येष्ठांसाठी मी तिसऱ्या मजल्याच्या वर खोली घेत नाही. वरून समुद्र चांगला दिसतो, हे मला मान्य आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

विजेच्या पेटीतल्या गळतीरोधक स्विचवर एक छोटं 'टी' बटण असतं. मालकाला ते दाबायला सांगा. वीज गेली तर ठीक, नाही गेली तर तिथे विजेचा गिझर चालू ठेवून आंघोळ करू नका.

तरणतलावाचा तळ दिसत नसेल तर मुलांना उतरवू नका.

गादीच्या शिवणी टॉर्चने पाहा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण, दुसरी खोली मागा.

पावसाळाभर बंद राहिलेली जागा असेल, तर पहिल्या दिवशी सगळे नळ आणि शॉवर पाच मिनिटं सोडून ठेवा आणि त्या वेळी आत थांबू नका. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तुषारांबरोबर फुफ्फुसात जातात. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन झालं होतं, तिथून हा आजार जगाला कळला.

रेटिंग ४.६ आहे, हे मला कुणी सांगू नये. लोक समुद्र, नाश्ता आणि मालकाच्या हसण्याला तारे देतात. गिझर कुठे बसवलाय हे परीक्षणात लिहिलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

"आज रात्री बारापर्यंत वीस टक्के सूट" असा मेसेज आला की नवखे आयोजक आधी पैसे भरतात आणि मग मला फोन करतात. तेव्हा मी काय करणार? ॲडव्हान्स गेला की प्रश्न विचारायची तुमची ताकद गेली. मी आधी प्रश्न विचारते, सगळे एकाच फोनवर. काही मालक चिडतात, "आजवर कुणी असं विचारलं नाही" म्हणतात, आणि मी फोन ठेवते. गुहागरकडच्या एका ताईंनी मात्र "थांबा हं" म्हणून फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने व्हिडिओ पाठवला. धुतलेली टाकी, परवान्याचा कागद तारखेसकट, बाहेरच्या पडवीत बसवलेला गिझर, आणि शेवटी त्यांची सून मागच्या जिन्याचं दार उघडून दाखवत होती. सहा वर्षं झाली, कोकणात माझे लोक त्यांच्याकडेच उतरतात.