सापडलेल्या वस्तूंचं शिल्प करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती वस्तूंच्या गर्दीमुळे. खोका भरून गिअर, चमचे, झाकणं जमलेली असतात आणि ती सगळी वापरायचा मोह आवरत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल, एवढ्यावर बैलाचं डोकं उभं केलं. सीट सीटच दिसते, हँडल हँडलच, आणि तरी बैल दिसल्याशिवाय राहत नाही. सगळी गंमत या दुहेरी ओळखीत आहे. तिसरी वस्तू जोडण्याआधी ती काढून बघा. काही बिघडत नसेल तर ती नकोच.

सगळ्यावर एकच रंग मारला की ही ओळख पुसली जाते. शिल्पकार लुईझ नेव्हलसनने लाकडी तुकडे काळ्या रंगात बुडवले, पण तिला सावल्यांची एकसंध भिंत हवी होती. नुसते जोड लपवायला रंग मारू नका.

आता जोडांबद्दल, कारण खरी रड तिथेच असते. प्लास्टिकची झाकणं गळून पडतात? बहुतेक झाकणं पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यांना एपॉक्सीही (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) नीट धरत नाही. भोक पाडा, तार ओवा. घानाचा शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तांब्याच्या तारेने बांधतो. म्हणूनच ती भलीमोठी कामं कापडासारखी दुमडतात आणि दर प्रदर्शनात वेगळी टांगता येतात. मात्र ॲल्युमिनियम-तांब्याची हीच जोडी उघड्यावर, पावसात ठेवलीत तर ॲल्युमिनियम भराभर झिजेल. दोन वेगळे धातू ओले झाले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. बाहेर ठेवायचं असेल तर मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घाला.

काच किंवा चिनी माती धातूला घट्ट आवळू नका. उन्हात धातू जास्त पसरतो आणि तडा जातो. तिथे थोडी लवचीक सिलिकॉनची जोडणी बरी.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा तसाच वेल्ड करणं मात्र अजिबात नको. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. नट-बोल्ट लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

शिल्प कलंडत असेल तर वजन खाली वाढवा. बैठक नुसती रुंद केली की आकार बोजड होतो. पोकळ पायात वाळू भरणं जास्त सोपं आणि ते दिसतही नाही. हे सगळं कायमचं जोडण्याआधी, तारेने तात्पुरतं बांधून तपासा.