टाय रॉड एंड झिजला आहे, हे कसे ओळखावे?

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि धूळही भरपूर असते. त्यामुळे टाय रॉड एंडवरील (स्टिअरिंगचा दांडा पुढच्या चाकाला जोडणाऱ्या सांध्यावरील) रबरी बूट म्हणजे आवरण तडकून आत माती शिरली, की ग्रीस वाळते आणि गोलाकार सांधा सैल पडतो. खड्ड्यातून हळू जाताना पुढून 'टक' असा आवाज येणे, स्टिअरिंगमध्ये ढिलाई जाणवणे आणि टायरची एकच कड झिजणे ही त्याची लक्षणे होत.

पुढचे चाक जॅकने उचलून गाडी मजबूत स्टँडवर ठेवावी आणि घड्याळातील ३ व ९ च्या जागी चाक धरून हलवावे. याच वेळी दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवले, तर खरी ढिलाई कोठे आहे ते कळते. १२ व ६ च्या जागी चाक हलत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा सस्पेंशनच्या बॉल जॉइंटवर घ्यावा; हे न तपासता भाग बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

बदलताना चेक नट (एंडला जागी घट्ट धरणारा नट) थोडाच सैल करावा, त्याची जागा रंगाने खुणावी आणि जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजून नवा तितक्याच फेऱ्या बसवावा. सांधा अडकल्यास पुलर (सांधा ओढून काढायचे अवजार) वापरावा, आट्यांवर हातोडा मारू नये. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी. फेऱ्या कितीही काटेकोर मोजल्या, तरी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावेच लागते.